डोळ्यांना दिसलं तसं फोटोत का येत नाही? फोन बदलण्याआधी एवढं तपासा

आमच्या घरी दर सप्टेंबरात एक ठरलेला संवाद होतो. पुण्या-मुंबईहून कुणीतरी पाहुणे येतात, आम्ही त्यांना कासच्या पठारावर फुलं बघायला नेतो. संध्याकाळी साताऱ्यात परतल्यावर चहा घेता घेता सगळे आपापल्या फोनवर फोटो बघतात आणि कुणीतरी म्हणतंच, "छे, तिथं काय दिसत होतं आणि यात काय आलंय! फोनच बदलायला हवा." धाकट्या भाऊजींनी मागच्या वर्षी खरोखर बदलला. यंदा नव्या फोनमध्येही तीच हिरवी चटई आली, फक्त जरा जास्त स्पष्ट.

मी फोटोग्राफर नाही, बँकेत नोकरी करते. पण सासर-माहेरच्या प्रत्येक बारशाला, मुंजीला, लग्नाला "तू काढ गं" म्हणून फोन माझ्या हातात येतो आणि बिघडलेल्या फोटोंची तक्रारही माझ्याकडेच येते. इतक्या वर्षांत एवढं कळलं की तक्रारी फिरून फिरून त्याच असतात आणि मेगापिक्सेल वाढवून त्यांतली एकही सुटत नाही. चौकटीत काय घ्यायचं, काय सोडायचं, उभं कुठं राहायचं, तिथंच गाडी अडते. म्हणून ज्या क्रमानं मी स्वतः तपासते, त्या क्रमानं लिहिते आहे.

सुरुवातीला एक बाळबोध गोष्ट. लेन्स पुसा. फोन दिवसभर पर्समध्ये, खिशात, ओट्यावर फिरतो. फोटो धुरकट आला, दिव्यांभोवती तारे फुटले, तर आधी पदराच्या टोकानं नाहीतर स्वच्छ सुती रुमालानं काच पुसा आणि मग पुढचं वाचा.

"तिथं भव्य होतं, फोटोत एवढंसं आलं"

ही तक्रार सगळ्यात जास्त येते. तिचं कारण फोनच्या मुख्य लेन्सच्या बांधणीतच आहे. बहुतेक फोनची मुख्य लेन्स जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात २४ ते २६ मिलिमीटरची असते, म्हणजे चांगलीच रुंद. फोन आडवा धरून दहा मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, तर चौकटीत त्या अंतरावरची जवळजवळ तेरा मीटर रुंदीची जागा मावते आणि तो माणूस फोटोच्या उंचीचा जेमतेम सहावा भाग व्यापतो. तुमचं लक्ष त्या माणसावर खिळलेलं असतं, त्यामुळं तो तुम्हाला मोठा वाटतो. बाकीचे पाच भाग तुम्ही पाहिलेलेच नसतात. फोन मात्र तेही तितक्याच इमानानं टिपतो.

कासला हेच होतं. सीतेची आसवं हे फूल बोटाच्या पेरापेक्षा लहान. आपण उभे असतो, डोळे जमिनीपासून पाच फुटांवर. वरून खाली पाहिलं की दोन फुलांमधली माती, गवत, दगड सगळं दिसतं. आपलं मन ते गाळतं आणि निळाई तेवढी ठेवून घेतं. फोटोत गवत जास्त, फूल कमी, म्हणून हिरवी चटई.

उपाय म्हणजे खाली बसणं. पायवाटेवरच बसा. वाट सोडून फुलांत शिरू नका. एका चांगल्या फोटोपायी पाच-पन्नास रोपं तुडवणारे लोक दरवर्षी दिसतात आणि माझं डोकं फिरतं. बसल्यावर फोन जमिनीपासून वीतभर उंचीवर आणा. आता नजर फुलांच्या माथ्यावरून तिरपी जाते, मधल्या फटी पुढच्या फुलांमागं लपतात आणि तोच विरळ वाफा गच्च भरलेला दिसतो. जवळचा एखादा झुपका खालच्या भागात मोठा येऊ द्या, त्याच्या मागं पठार, आणि आभाळाची पट्टी अगदी थोडी. आभाळात नाट्यमय ढग नसतील तर त्याला अर्धा फोटो देऊन बसण्यात अर्थ नाही. फोनला २ किंवा ३ या झूमच्या आकड्याची वेगळी लेन्स असेल तर खाली बसूनच ती वापरा, रंग आणखी दाटतो.

डोंगर, धबधबा, किल्ला, सगळीकडे हाच प्रकार. ठोसेघरचा धबधबा प्रत्यक्षात छाती दडपून टाकतो आणि फोटोत नळाच्या धारेसारखा येतो, कारण त्याची उंची सांगणारं चौकटीत काहीच नसतं. पुढं एखादी फांदी, कठडा, कठड्याशी पाठमोरा उभा माणूस आला की मोजमाप मिळतं.

फोटो काढून झाल्यावर एक चाचणी करून बघा. गॅलरीत सगळे फोटो टिकलीएवढे दिसतात ना, तिथं बघा. त्या आकारात फोटो कशाचा आहे हे ओळखू आलं नाही, तर विषय लहान पडलाय. दोन पावलं पुढं जाऊन पुन्हा काढा.

झूमबद्दल थोडं. दोन बोटांनी चित्र ताणलं की बहुतेक वेळा फोन मधला तुकडा कापून मोठा करतो, त्यात नवीन तपशील येत नाही. पडद्यावर दिलेल्या १, २, ३, ५ अशा ठरावीक आकड्यांवर थांबलात तर बहुधा ठीक, कारण तिथं वेगळी लेन्स असते किंवा मोठ्या सेन्सरचा, म्हणजे लेन्समागच्या चित्र टिपणाऱ्या चिपचा, मधला भाग वापरलेला असतो. अधल्यामधल्या साडेसात वगैरेपेक्षा पायांचं झूम केव्हाही बरं. दरी असेल तिथं अर्थातच नाही.

"डोक्यातून ट्यूबलाइट निघालीय"

सासूबाईंना पंच्याहत्तर वर्षं झाली तेव्हा पंच्याहत्तर दिव्यांनी औक्षण केलं. सगळ्या सुना, लेकी, नातवंडं जमली होती. फोटो मी काढले. सासूबाईंचा चेहरा सुंदर आला होता, दिव्यांचा उजेड गालावर, नऊवारीचा काठ झळकतोय. आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना ट्यूबलाइट अशी आली होती की त्यांनी आडवी काठी डोक्यावर तोलून धरली आहे. डाव्या खांद्यावर भिंतीवरचं कॅलेंडर, उजव्या कानाशी स्विचबोर्ड, आणि दाराच्या कडीला टॉवेल. तो टॉवेल मीच तिथं टाकला होता.

हे का होतं? समोर उभे असताना दोन डोळ्यांमुळं आपल्याला खोली कळते. माणूस पुढं आहे, भिंत पाच फूट मागं, हे न सांगता समजतं. फोटोत ती खोली नाहीशी होते आणि मागचं पुढच्याला येऊन चिकटतं. म्हणून नारळाचं झाड कुणाच्या टाळूतून उगवतं, विजेचा खांब नवरदेवाच्या फेट्यातून निघतो, क्षितिजाची रेघ मान कापून जाते.

इथं मला सगळ्यात उपयोगी पडलेली सवय ही. आधी मागची जागा ठरवायची, मग तिथं माणूस आणायचा. आपण उलटं करतो. माणूस जिथं बसलाय तिथं जाऊन फोटो काढतो आणि मागं जे असेल ते पदरात घेतो. औक्षण कुठं करायचं हे पाट मांडण्याआधी ठरतं, तेव्हाच भिंतीकडे एकदा बघावं. साधा पडदा असलेली बाजू असेल तर पाट तिकडं वळवावा. जागा हलवता येत नसेल तर आपण हलावं. अर्धं पाऊल डावीकडे गेलं की खांब डोक्यातून निघून खांद्याच्या बाजूला जातो. गुडघे वाकवले तर क्षितिज मानेवरून छातीशी उतरतं. आणि माणसाला भिंतीला टेकवून उभं करू नका. चार-पाच फूट पुढं आणा, सावलीही मागच्या भिंतीवर पडत नाही.

"पोर्ट्रेट मोड लावला की मागचं पुसट होतं की," असं भाची म्हणते. होतं, पण पुसट ट्यूबलाइट हीदेखील ट्यूबलाइटच. नजर आधी चेहऱ्याकडे जाते, मग जे सगळ्यात उजळ आहे तिकडं, मग अक्षरांकडे. पुसट झालं तरी उजळ ते उजळच राहतं. शिवाय त्या मोडमध्ये केसांच्या बटा, कानातले झुबे आणि हातातल्या निरांजनाची ज्योत यांच्या कडा फोनला नीट कळत नाहीत आणि झुबा अर्धा पुसला जातो.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे मोकळी भिंत असते कुठं? मंडई, यात्रा, लग्नाचा हॉल, सगळीकडे गर्दीच. खरं आहे. रघुवीर सिंग यांचे रंगीत फोटो यासाठी पाहावेत. १९४२ ते १९९९ असं त्यांचं आयुष्य, आणि सगळा भर भारतातल्या रस्त्यांवर. ते गर्दी टाळत नाहीत, तिला कप्पे पाडून देतात. अँबॅसेडर गाडीची दारं, खिडक्या, आरसे यांचा त्यांनी चौकटीसारखा वापर केला. एका काचेत एक माणूस, दुसऱ्या काचेत दुसरं दृश्य, आरशात तिसरंच. गर्दी तेवढीच, पण प्रत्येकाला आपापली खोली मिळालेली. आपल्याला एवढं जमणार नाही, पण दाराची चौकट, वाड्याची कमान, टपरीच्या दोन खांबांमधली जागा हे तर रोजचं आहे. मंडईत भाजीवाल्या मावशींचा फोटो काढायचा झाला तर त्यांच्या छत्रीच्या सावलीतला भागच चौकटीत घ्यावा, बाहेरचा लख्ख उजेड सोडून द्यावा. आणि फोटो काढू का म्हणून आधी विचारावं. भाजी घेतली तर सहसा नाही म्हणत नाहीत.

कडा

मागचं झालं की कडा. बटण दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारही कडांवरून एकदा फिरवून आणायची. दोन सेकंद लागतात. अर्धा कोपर, कुणाची तरी चप्पल, पिशवीचा बंद, स्वतःचं बोट, हे सगळं कडेलाच सापडतं. आपलं लक्ष मधोमध असतं म्हणून तिथं काय शिरलंय हे घरी आल्यावर कळतं.

माणसं कापायची वेळ येतेच, सगळ्यांना पायांपर्यंत घेता येत नाही. तेव्हा सांध्यावर कापू नका. घोट्यात कापलं की पाय तुटल्यासारखे दिसतात, गुडघ्यात कापलं तर माणूस खड्ड्यात उभा वाटतो. मांडीच्या मध्यावर, कंबरेच्या जरा वर किंवा छातीशी चौकट संपली तर डोळ्याला खटकत नाही. डोक्यावर मात्र हातभर जागा सोडायची काय हौस असते कोण जाणे! चेहरा बरोबर मधोमध, वर नुसतं छत, खाली पाय गायब. फोन थोडा खाली झुकवा, पाय येतील.

"सगळं बरोबर आहे, पण नदी सांडतेय"

क्षितिज तिरपं. मेणवलीच्या घाटावर काढलेले माझे पहिले फोटो असेच, कृष्णेचं पाणी उजवीकडे वाहून चाललंय असं वाटावं. उपाय बटणाचा आहे. आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन कॅमेरा उघडा, तिथं ग्रिड आणि लेव्हल हे दोन्ही चालू करा. अँड्रॉइडमध्ये कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये ग्रिड लाइन्स असतात. पडद्यावर दोन उभ्या, दोन आडव्या रेषा येतात, त्यांतली एक पाण्याच्या कडेशी जुळवायची. किनारा स्वतःच वळत जात असेल तर तो सरळ करू नका, घाटावरचा एखादा खांब किंवा देवळाची भिंत उभी आहे का तेवढं बघा.

मेणवलीचा विषय निघालाच आहे तर तिथला घाट रेषा शिकायला फार चांगला. नाना फडणवीसांच्या वाड्यामागं पायऱ्या वळण घेत पाण्यात उतरतात. वसईच्या १७३९ सालच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा टांगलेलं छोटं देऊळही तिथंच. मधोमध उभं राहून सरळ समोर फोटो काढला तर पायऱ्या म्हणजे आडव्या रेघांची वही. एका टोकाला जाऊन खालच्या कोपऱ्यातून पायऱ्या सुरू होतील असं उभं राहिलं की तीच वळणं नजरेला धरून देवळाशी नेऊन सोडतात. वाट, कुंपण, तटबंदी, बोळ, शेताचा बांध, सगळ्यांना हेच लागू. फक्त ती रेषा जिथं संपते तिथं काहीतरी असू द्या. नाहीतर पाहणारा चालत जातो आणि पोहोचल्यावर कळतं की कुणी घरात नाही.

तृतीयांशाचं प्रस्थ

ग्रिड चालू केली की सगळे एकच सांगतात, रेषा जिथं एकमेकींना छेदतात त्या चार बिंदूंपैकी एकावर विषय ठेवा. तृतीयांशाचा नियम. माझं स्पष्ट मत असं की हा नियम चांगला आहे पण त्याला चौथ्या-पाचव्या नंबरावर ठेवावं. मागं ट्यूबलाइट असलेली सासूबाई डावीकडच्या तृतीयांशावर नेली तरी ट्यूबलाइट तिथंच राहते.

हे नाव पहिल्यांदा छापून आलं १७९७ मध्ये, जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकार-खोदकाम करणाऱ्याच्या पुस्तकात, फोटोग्राफी जन्माला येण्याच्याही आधी. त्याचं म्हणणं मुख्यतः निसर्गचित्राबद्दल होतं. आभाळ आणि जमीन निम्मं-निम्मं वाटू नका, एकाला दोन भाग द्या, दुसऱ्याला एक. आजही नियमाचा हाच भाग मला जास्त कामाचा वाटतो. पावसाळी ढग भारी असतील तर आभाळाला दोन भाग, फुलं भारी असतील तर जमिनीला.

माणसांच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा की माणूस जिकडं बघतोय तिकडं जागा मोकळी ठेवा. आजोबा खिडकीबाहेर बघतायत आणि त्यांच्या नाकाशी चौकट संपली तर पाहणाऱ्यालाही कोंडल्यासारखं होतं. सायकलवर येणाऱ्या मुलाच्या पुढं रस्ता हवा, मागचा गेलेला रस्ता नको.

आणि काही गोष्टी मधोमधच शोभतात. गाभाऱ्यातली मूर्ती, पणजीचं पांढरं चर्च आणि त्याचे दोन्ही बाजूंनी नागमोडी चढणारे जिने, वाड्याचा दिंडीदरवाजा, पाण्यातलं प्रतिबिंब. तिथं तृतीयांश लावायला गेलात तर चूक झाल्यासारखं दिसतं. पण मधोमध म्हणजे मग अगदी मधोमध. पणजीच्या चर्चसमोर दोन फूट बाजूला उभं राहिलात तर दोन्हीकडचे जिने जुळत नाहीत आणि फोटो 'जवळजवळ बरोबर' होतो. तो तर चुकलेल्यापेक्षा जास्त खुपतो.

"देऊळ मागं पडतंय"

वाईला कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे, १७६२ मधलं. घाटावर, देवळाच्या अगदी पुढ्यात उभं राहून सगळं शिखर घ्यायचं म्हणून फोन वर कलंडवला की शिखर निमुळतं होत मागं कोसळताना दिसतं. फोनचा दोष नाही. फोन देवळाला समांतर असतो तोवर उभ्या भिंती उभ्याच येतात. तो मागं कलला की वरचा भाग लांब पडतो, लांबचं लहान दिसतं, आणि भिंती वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात.

यावर वाईकरांनी आयता उपाय दिलाय, पूल ओलांडून नदीच्या पलीकडे जा. तिथून देऊळ अख्खं दिसतं, फोन सरळ धरता येतो, २ची लेन्स लावली की पुरेसं मोठं येतं, आणि पाणी शांत असेल तर प्रतिबिंब फुकट. पलीकडचा काठ नसेल तर समोरच्या इमारतीचा जिना चढा. तेही नसेल तर फोन सरळच धरा, खाली जास्तीची फरशी येईल ती नंतर कापा. स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या अ‍ॅपमध्ये पर्स्पेक्टिव्ह नावाचं साधन आहे, त्यानं थोडं सरळ करता येतं. फार ताणलं की देऊळ फुगतं, म्हणून फोटो काढतानाच चारी बाजूंनी जरा जागा सोडा.

ग्रुप फोटोतल्या जाड्या आत्याबाई

गणपतीत तीस माणसं एका खोलीत. सगळे मावेनात म्हणून कुणीतरी ०.५ दाबतं. माणसं मावतात, पण कडेला उभ्या असलेल्या आत्याबाई दीडपट रुंद होतात आणि वर्षभर ते ऐकून घ्यावं लागतं. ०.५ची लेन्स साधारण १३ मिलिमीटरची असते. एवढ्या रुंद लेन्सला कडेचं चित्र ताणूनच सपाट करावं लागतं, मग कडेचा चेहरा बाहेरच्या बाजूला ओढला जातो. १ वरच राहा आणि मागं सरका. दारातून बाहेर गॅलरीत जावं लागलं तरी जा. एका रांगेऐवजी तीन करा, लहान मुलं सतरंजीवर, मोठी माणसं खुर्च्यांवर, बाकीचे उभे. ०.५ ला पर्यायच नसेल तर कडेला माणूस ठेवू नका, समई ठेवा. समई तक्रार करत नाही.

सेल्फीत नाक मोठं दिसतं तेही याच घराण्यातलं दुखणं, पण कारण अंतराचं. हाताच्या लांबीवर, म्हणजे अर्ध्या मीटरवर, नाक कानांपेक्षा लेन्सच्या बरंच जवळ असतं. दीड-दोन मीटरवरून दुसऱ्या कुणी २ लावून काढला की तेच नाक जागेवर येतं.

लहान मुलं, रांगोळी, ताट

मुलांचे फोटो उभं राहून काढू नका. डोकं मोठं, पाय बारके आणि चेहरा वर केलेला, असे शेकडो फोटो घरोघरी पडून आहेत. जमिनीवर बसा. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या, यांच्या हातात बरेचदा रोलायफ्लेक्स कॅमेरा असे. त्यात वरून खाली बघावं लागतं, म्हणजे कॅमेरा छाती-पोटाच्या उंचीवर राहतो आणि समोरच्या माणसाकडे खालून-समोरून बघतो. फोननं हे सहज जमतं. फोन उलटा धरा, लेन्स खाली येईल असा, आणि मुलाच्या छातीच्या उंचीवर आणा. पाठ दुखत नाही आणि पोरगं खेळातून उठतही नाही.

रांगोळीचं उलट. ती तिरपी काढली की गोलाचं अंडं होतं. स्टूलवर चढा, फोन जमिनीला समांतर धरा. आयफोनवर लेव्हल चालू असेल तर फोन आडवा झाल्यावर पडद्याच्या मध्यात दोन अधिक चिन्हं दिसतात, ती एकमेकांवर बसली की फोन सपाट. ताटाचंही तसंच. केळीच्या पानावरचं वाढप वरूनच छान दिसतं, कारण मीठ-लिंबापासून भातापर्यंत प्रत्येकाची जागा ठरलेली आहे आणि ती वरूनच कळते. पुरणपोळीची चवड मात्र वरून नुसती एक गोल पोळी, तिच्यासाठी बाजूला बसून तिरकं बघायला हवं. दोन्हीला खिडकीचा उजेड घ्या आणि वरचा दिवा बंद करा, नाहीतर तुमच्याच हाताची सावली आमटीत पडते.

"जाऊ दे, नंतर क्रॉप करू"

करा की. त्यात पाप नाही. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिये-ब्रेसाँ क्रॉप करण्याच्या विरोधात म्हणून प्रसिद्ध, पण पॅरिसच्या सेंट-लाझार स्टेशनमागं डबक्यावरून उडी मारणारा माणूस त्यांनी १९३२ साली टिपला तो फोटो कापलेलाच आहे. कुंपणाच्या फटीतून काढावा लागला होता, कडेला फळी आली होती.

फक्त हिशेब माहीत असू द्या. १२ मेगापिक्सेलचा फोटो लांबी-रुंदीत निम्मा कापला तर निम्मा उरत नाही, पाव उरतो, ३ मेगापिक्सेल. चार बाय सहा इंची छापील फोटोला साधारण २.२ मेगापिक्सेल पुरतात, म्हणजे अल्बमपुरतं चालेल. आणखी एकदा निम्मा कापलात की भिंतीवर लावायचा विषय सोडा. आणि क्रॉपनं कडा सुधारतात, डोक्यामागचा खांब नाही.

तुम्ही स्वतः फोटोत असता तेव्हा

ही तक्रार शेवटी ठेवली, कारण तिचा बंदोबस्त मला यंदाच सापडला. अनोळखी माणसाकडे फोन देऊन "एक फोटो काढता का प्लीज" म्हणायचं आणि मग आपण सगळे बुटक्या बाहुल्यांसारखे मधोमध, वर दोन तृतीयांश आभाळ, हे नेहमीचंच. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, त्याला आपल्याला काय हवंय ते माहीतच नसतं.

आता मी आधी घरच्यांना जागेवर उभं करते, स्वतः फोन धरून चौकट ठरवते, माझ्यासाठी कडेला एक जागा मोकळी ठेवते. मग ज्यांना फोन द्यायचा त्यांना माझ्याच जागी, माझ्या पावलांवर उभं करते आणि एवढंच सांगते, "दादा, तो डावीकडचा दगड या कोपऱ्यात राहू द्या आणि आमचे पाय दिसू द्या." यंदा कासला एका कॉलेजच्या मुलानं ते ऐकलं, दगड कोपऱ्यात घेतला, पाय घेतले, मग स्वतःहून खाली बसला आणि म्हणाला, "काकू, थोडं पुढं या, फुलं चांगली येतायत."